जगातील सर्वांत लहान प्राणी

हत्ती आणि देवमासा यांच्या थोरवीच्या कथा आपण सारेच ऐकत आलो आहोत. परंतु प्राणी लहान होत होत कोठवर लहान होऊ शकेल, हा प्रश्नही तितकाच कुतूहलाचा आहे.

प्रथम सस्तन प्राणी घेऊ. त्यांत वजनाने सर्वांत लहान आहे ती एट्रुस्कन चिचुंद्री. ती भारतातही आढळते. तिचे वजन अवघे २ ग्रॅमच्या आसपास असते. पण तिच्या हृदयाचे ठोके मिनिटास १,५०० पर्यंत पडतात, आणि रोज स्वतःच्या वजनाहून अधिक अन्न तिला खावे लागते. असे का? बशीतला चहा कपातल्या चहापेक्षा लवकर निवतो, हे आपण रोज पाहतो. तोच नियम येथे आहे. शरीर जितके लहान, तितका त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग मोठा आणि उष्णता जाण्याची वाट रुंद. म्हणून उष्ण रक्ताच्या प्राण्याला याहून फारसे लहान होणे परवडत नाही.

कीटकांना शरीर सतत ऊबदार राखण्याची ही काळजी नसते. म्हणूनच ते कितीतरी लहान होऊ शकतात. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात सापडलेल्या एका परोपजीवी कीटकाच्या नराची लांबी केवळ ०.१३९ मिलिमीटर असल्याचे १९९७ साली प्रसिद्ध झाले. पॅरामेशियम हा एकपेशीय जीवसुद्धा बहुधा याहून लांब असतो! मात्र या लहानपणाची किंमत मोठी आहे : त्या नरास ना डोळे, ना पंख.

मेगाफ्राग्मा नावाचा सुमारे ०.२ मिलिमीटरचा कीटक उडतो आणि पाहतोही. मधमाशीच्या मेंदूत साडेआठ लाखांहून अधिक चेतापेशी असतात, तर याच्या चेतासंस्थेत अवघ्या ७,४००च्या आसपास. जागा वाचविण्यासाठी त्यांतील बहुतेक पेशींची केंद्रकेही नाहीशी झालेली असतात, असे रशियन शास्त्रज्ञ अलेक्सी पोलिलोव्ह यांनी दाखवून दिले.

याच मेगाफ्राग्माच्या कुळातील एक कीटक आपल्या शेतकऱ्याचा सोबती आहे. त्याचे नाव ट्रायकोग्रामा. लांबी सुमारे अर्धा मिलिमीटर. आपल्या फोपनारच्या आसपास, तापीकाठच्या मुलखात, केळीबरोबर कापूस व ऊसही पिकतो. बोंडअळीचा किंवा खोडकिड्याचा पतंग पिकावर अंडी घालतो, तेव्हा ट्रायकोग्रामाची मादी ती अंडी हुडकून त्यांत आपले अंडे घालते. तिचे पिलू आतूनच ते अंडे खाऊन टाकते. परिणामी पिकाचा शत्रू जन्मासच येत नाही. प्रयोगशाळेत तांदळावरील पतंगाच्या अंड्यांत हे कीटक वाढवून, ती अंडी कागदी पट्टीवर चिकटवितात. तिला ट्रायकोकार्ड म्हणतात. एका कार्डावर सुमारे २०,००० अंडी असतात. कार्डाचे तुकडे पानांच्या खालच्या बाजूस लावले की काम झाले.

परंतु त्याच शेतात विषारी औषध फवारले, तर अळीबरोबर हा रक्षकही मरतो. जो डोळ्यांस दिसत नाही, त्याच्या मरणाची वार्ता कोणास कळणार? मित्रहो, घरी फवारणीची गोष्ट निघेल, तेव्हा या इवल्या सोबत्याची आठवण वडीलमंडळींना अवश्य करून द्या.