पाहुण्या नर्तकाची कार्यशाळा

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतल्या नृत्य शिकणाऱ्या मुलांना नामवंत पाहुण्या कलाकारांना जवळून पाहायची संधी शहरातच मिळते. एमजीएम परिसरातल्या महागामी गुरुकुलात पार्वती दत्ता कथक आणि ओडिसी शिकवतात. तिथल्या शार्ङ्गदेव समारोहात बाहेरून आलेले कलाकार सादरीकरणाबरोबर सप्रयोग व्याख्यानेही देतात. समारोहाचे नाव ज्याच्यावरून पडले तो शार्ङ्गदेव इथल्याच देवगिरीचा. यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने त्याने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि त्यातला सातवा, शेवटचा अध्याय नृत्याला दिला.

अशा पाहुण्या कलाकाराची कार्यशाळा म्हणजे नवा तुकडा बसवून घेणे, असे पालकांना वाटते. माझ्या मते खरी कमाई वेगळीच असते: सवयीने अंगात मुरलेली चूक नव्या, अनुभवी नजरेला चटकन दिसते. ओडिसीतला चौक, म्हणजे गुडघे वाकवून घेतलेली चौकोनी मूळ स्थिती, घ्या. त्यात मांड्या खुब्यापासून बाहेर वळाव्या लागतात. बॅलेतल्या प्लिएतही, म्हणजे गुडघे वाकवण्याच्या क्रियेतही, तेच. पाऊल जास्त वळले आणि गुडघा आत राहिला, तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. म्हणून गुडघा पावलाच्या बोटांच्या रेषेतच वाकायला हवा. अशी दुरुस्ती मुलांनी लगेच आपल्या नेहमीच्या गुरूंना दाखवावी. पुढचा रोजचा रियाज त्यांच्याच देखरेखीखाली व्हायचा असतो.