आरोळी आधी, शिट्टी नंतर

कोल्हापूरच्या राजर्षी शाहू स्टेडियमवर घरचा संघ आणि पाहुणा संघ असा भेद करताच येत नाही. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, संयुक्त जुना बुधवार, सगळे याच मैदानावर खेळतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे केएसएची, लीग इथंच होते आणि चषकांच्या बाद फेऱ्याही इथंच. कुणी रात्रभर रेल्वेत बसून आलेलं नसतं, कुणाला परगावचं पाणी बाधलेलं नसतं. खेळाडू दुपारी घरी जेवतो, बूट पिशवीत टाकतो आणि मोटारसायकलवरून थोड्याच वेळात मैदानात पोचतो. चेंडू कुठं उसळतो आणि कुठं मरतो, हे दोन्ही संघांना सारखंच ठाऊक असतं.

म्हणूनच घरच्या मैदानाचा फायदा म्हणजे नक्की काय, हे समजून घ्यायला मला याच्याइतकी चांगली जागा दुसरी दिसत नाही. बोलिव्हियाचा संघ ला पाझमध्ये खेळतो तेव्हा समुद्रसपाटीपासून ३६०० मीटरवरची विरळ हवा त्याच्या बाजूनं असते. १ एप्रिल २००९ रोजी मेस्सीसह उतरलेल्या अर्जेंटिनाला तिथं ६-१ असा मार बसला. त्यात प्रेक्षकांचा वाटा किती आणि प्राणवायूचा किती, हे वेगळं काढणार कसं? शाहू स्टेडियमवर हवा सारखी, माती सारखी, घरापासूनचं अंतरही जवळपास सारखंच. फरक उरतो तो माणसांचा. एका संघामागं अख्खी पेठ उतरलेली असते, ढोल-ताशासकट. समोरच्या संघाची पोरं गॅलरीच्या एका कोपऱ्यात दाटीवाटीनं उभी असतात.

इथले बहुतेक संघ तालमीतून आलेले आहेत. आधी आखाडा, मग मंडळ, मग फुटबॉलचा संघ. त्यामुळं संघाचा पाठीराखा तिकीट काढून आलेला निव्वळ प्रेक्षक नसतो. मैदानातल्या पोराच्या बारशाला तो जेवलेला असतो. ईर्ष्या हा शब्द इतर ठिकाणी वाईट अर्थानं वापरतात, पण कोल्हापुरात ‘पोरं ईर्ष्येनं खेळली’ ही शाबासकी आहे.

सामना पाहायचा असेल तर मधोमध वरच्या पायरीवर बसावं. गर्दी काय करते ते पाहायचं असेल तर खाली, लाइन्समन ज्या बाजूनं धावतो तिथं, जाळीला लागून बसावं. मी तिथं बसतो आणि चेंडूपेक्षा झेंड्याकडं जास्त बघतो.

साधा थ्रो-इनचा प्रसंग घ्या. दोन खेळाडू खांद्याला खांदा लावून रेषेकडं येतात, चेंडू चार पायांतून निसटतो आणि बाहेर जातो. शेवटचा स्पर्श कुणाचा, हे लाइन्समनला नीट दिसलेलं नसतं. दोन पाठी आडव्या आलेल्या असतात, दिसणार कसं? पण गॅलरीचा निकाल लागलेला असतो. ‘आपलाच हाय!’ एकदम शेकडो हात एका दिशेला होतात. झेंडा क्षणभर मांडीजवळच थांबतो. लाइन्समन मुख्य पंचाकडं बघतो, पंच त्याच्याकडं बघतो, आणि मग झेंडा वर जातो. बहुतेक वेळा कुठल्या दिशेला जातो ते तिथं बसून बघण्यासारखं आहे.

पंचांवर मी कसलाही आरोप करत नाही. जे स्वच्छ दिसलंय तिथं हीच माणसं अख्ख्या गॅलरीच्या विरोधात झेंडा वर करून ठाम उभी राहतात, शिव्या खातात, आणि पुन्हा धावू लागतात. प्रश्न अर्धवट दिसलेल्या क्षणांचा आहे आणि फुटबॉलमध्ये असे क्षण ढिगानं असतात. पाय चेंडूला लागला की नडगीला? धक्का होता की नुसता खांदा? अशा वेळी डोळ्यांकडून उत्तर यायला उशीर होतो आणि कानांकडून ते आधीच आलेलं असतं. गॅलरीची आरोळी शिट्टीच्या आधी येते. एका सामन्यात मी हेच लक्ष देऊन ऐकलं. आरोळी, मग जेमतेम एका श्वासाचं अंतर, मग शिट्टी. ज्या धडकेवर कुणी ओरडलं नाही, तिच्यावर शिट्टीही सहसा वाजली नाही.

माझ्यासारख्याच्या निरीक्षणाला पुरावा म्हणता येणार नाही. पण हा प्रयोग इंग्लंडमध्ये रीतसर झालेला आहे. अ‍ॅलन नेविल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० पात्र पंचांना एकाच सामन्यातल्या ४७ धडकांचं चित्रीकरण दाखवलं. काही पंचांना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की आवाज ऐकणाऱ्या पंचांनी घरच्या संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. पाहुण्या संघाविरुद्ध त्यांनी जास्त फाउल दिले असं मात्र नाही. घरच्या खेळाडूला शिक्षा करताना हात आखडला, एवढंच. शाहू स्टेडियमच्या जाळीजवळ दिसतं ते नेमकं हेच. पंच गॅलरीला खूश करायला जात नाही, तिला दुखावणं तेवढं टाळतो.

स्पॅनिश लीगमधल्या जादा वेळेचा अभ्यासही असाच बोलका आहे. घरचा संघ एका गोलनं मागं असेल तर पंच सरासरीपेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त वेळ देतात. तोच संघ एका गोलनं पुढं असेल तर सरासरीच्या पाव हिश्श्याहून अधिक वेळ कापतात. आणि जर्मनीतल्या बुंडेसलीगाच्या अभ्यासातून आणखी एक बारकावा पुढं आला: ज्या स्टेडियममध्ये मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक आहे, तिथं पंचांचा हा कल कमी होतो. प्रेक्षक तेवढेच, आवाज तेवढाच, फक्त आठ-दहा मीटर लांब! कोल्हापुरातल्या लाइन्समनच्या मानेमागं गॅलरी किती जवळ असते, हे ज्यानं पाहिलंय त्याला याचं नवल वाटणार नाही.

मग करोना आला आणि जगभरातल्या फुटबॉलनं कधी स्वखुशीनं केला नसता तो प्रयोग सगळ्यांना करावा लागला. १६ मे २०२० रोजी बुंडेसलीगा रिकाम्या स्टेडियममध्ये पुन्हा सुरू झाली. पहिल्याच दिवशी बोरुसिया डॉर्टमुंडनं कट्टर शेजारी शाल्केला ४-० असं हरवलं. ज्या दक्षिण स्टँडमध्ये एरवी जवळपास २५ हजार माणसं उभी राहून गातात, त्या ओस स्टँडसमोर जाऊन डॉर्टमुंडच्या खेळाडूंनी सलामी दिली. दर्जात फरक असला की गर्दी नसतानाही जिंकता येतं, हे त्या दिवशी दिसलं. पण पुढच्या आठवड्यांत घरच्या संघांचे विजय घटले आणि पाहुण्यांना एरवी मिळणारी जास्तीची पिवळी कार्डंही आटली. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०२०-२१ चा जवळजवळ संपूर्ण हंगाम प्रेक्षकांविना झाला. त्यात घरच्या संघांनी १४४ सामने जिंकले आणि पाहुण्यांनी १५३. तिथल्या अव्वल विभागात पाहुण्यांचे विजय जास्त भरण्याची ती पहिलीच वेळ होती.

लिव्हरपूलचं उदाहरण तर विसरता येत नाही. एप्रिल २०१७ पासून अ‍ॅनफील्डवर लीगचे सलग ६८ सामने हा संघ हरला नव्हता. २१ जानेवारी २०२१ रोजी रिकाम्या अ‍ॅनफील्डवर बर्नलीनं त्यांना १-० असं हरवलं आणि मग ओळीनं आणखी पाच सामने ते घरीच हरले. मुख्य बचावपटू जखमी होते, हे खरं. सगळं खापर रिकाम्या खुर्च्यांवर फोडणं चुकीचं ठरेल. पण ७ मे २०१९ च्या रात्री याच मैदानावर, दोन सामन्यांच्या लढतीतला पहिला सामना ०-३ असा हरलेला असताना, लिव्हरपूलनं बार्सिलोनाला ४-० असं उलटवलं होतं. ती रात्र रिकाम्या स्टँडसमोर घडली असती असं मला वाटत नाही.

आपल्याकडं त्याच काळात इंडियन सुपर लीगचे सगळे सामने गोव्यात, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या मैदानांवर, बंद दाराआड झाले. घरचा संघ कोण, हे फक्त कागदावर लिहिलेलं असायचं.

पंचांचं झालं. खेळाडूंचं काय? इथं प्रकरण गुंतागुंतीचं आहे आणि माझ्या मते कोल्हापूरच्या प्रेक्षकानं सगळ्यात जास्त विचार याचाच करायला हवा.

घरच्या सामन्याआधी खेळाडूंच्या लाळेत टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण वाढलेलं आढळतं आणि कट्टर प्रतिस्पर्धी समोर असेल तर ते आणखी चढतं, असं इंग्लंडमधल्या एका अभ्यासात दिसलं आहे. त्याची खूण शाहू स्टेडियमवर पहिल्या दहा मिनिटांत उघड्या डोळ्यांना दिसते. दोन पेठांच्या सामन्यात सुरुवातीचा वेग कुणालाच झेपणारा नसतो. प्रत्येक चेंडूवर दोघं-तिघं तुटून पडतात. बचावपटू स्वतःची जागा सोडून पुढं धावतो, कारण मागं थांबलेला माणूस गॅलरीला भेकड वाटतो. आणि उत्तरार्ध मध्यावर आला की पोटऱ्या धरून बसलेली पोरं दिसू लागतात.

कडेनं खेळणारा विंगर बघा. पूर्वार्धात तो आपल्या पेठेच्या गॅलरीसमोरून धावत असतो. वय अठरा-एकोणीस, पाय चपळ. चेंडू त्याच्याकडं आला की वरून ‘काढ रं त्याला!’ सुरू होतं. आत मोकळा उभा असलेला जोडीदार हात वर करतोय, पास सोपा आहे. पण पोरगं एकाला चकवतं, गॅलरी उसळते, दुसऱ्याला चकवतं, ती आणखी उसळते, आणि तिसरा चेंडू काढून घेतो. मध्यरेषेच्या बऱ्याच पुढं चेंडू मिळाला की ‘मार की!’ अशी हाक येते. गोल तीस-पस्तीस यार्डांवर असतो, तरी तो मारतो. चेंडू गोलपोस्टवरून बाहेर जातो आणि टाळ्या मात्र पडतात. उत्तरार्धात बाजू बदलतात, हाच विंगर समोरच्या कडेला जातो, आपल्या माणसांपासून लांब. तिथं तो बऱ्याचदा अधिक शहाणा खेळतो. मान वर करून बघतो, एका स्पर्शात पास देतो, मोकळ्या जागेत धावतो.

याउलट एखादा मुरलेला मिडफिल्डर असतो. गोंधळ टिपेला पोचला की तो चेंडूवर पाय ठेवून उभा राहतो. गॅलरी वैतागते, ‘सोड की बॉल, लेका!’ तो सोडत नाही. आपले भिडू जागेवर येईपर्यंत थांबतो आणि मग शांतपणे चाल रचतो. आवाज त्याला ऐकू येत नाही असं नाही. त्यातलं काय घ्यायचं, हे त्याला कळलेलं असतं. दमलेल्या क्षणी धाव घ्यायला आवाज घ्यायचा, निर्णय करताना घ्यायचा नाही. हे शिकायला वर्षं जातात आणि बरीच गुणी पोरं तोवर गॅलरीच्याच तालावर खेळत राहतात. बाकाजवळून प्रशिक्षक घसा फोडून सांगत असतो, पण त्याचा शब्द मैदानात पोचतच नाही. शेवटी तो हातवाऱ्यांवर येतो.

घरच्या गर्दीचं बळच अंगावर उलटलं तर काय होतं, याची दोन उदाहरणं सांगतो. ८ जुलै २०१४ रोजी बेलो होरिझोंतेमध्ये ब्राझीलनं विश्वचषकाचा उपांत्य सामना आपल्याच माणसांसमोर खेळला आणि एकोणतिसाव्या मिनिटापर्यंत जर्मनीनं त्यांच्यावर पाच गोल चढवले. निकाल १-७. दुसरं उदाहरण फातोर्ड्याचं. २० डिसेंबर २०१५ रोजी सुपर लीगच्या अंतिम सामन्यात एफसी गोवा घरच्या मैदानावर ८७व्या मिनिटाला २-१ असा पुढं होता. सगळं स्टेडियम नाचत होतं. शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल झाले आणि चेन्नईयननं ३-२ असा चषक नेला. अपेक्षेचं ओझं पाठीवर असताना डोकं थंड ठेवणं अवघड असतं, मग मैदान बेलो होरिझोंतेचं असो की फातोर्ड्याचं.

कोल्हापूरचा प्रेक्षक जाणकार आहे, हे मी अभिमानानं सांगतो. विरोधी संघाच्या सुंदर पासला दाद देणारी माणसं मी याच गॅलरीत पाहिली आहेत. टायब्रेकरमध्ये पेनल्टी चुकलेल्या पोराला जाळीपलीकडून नावानं हाक मारून धीर देणारेही पाहिले आहेत. त्याच गॅलरीतून बाटल्या, चपला आणि दगडही मैदानात आले आहेत, सामने थांबले आहेत, आणि पंचांना पोलिसांच्या कड्यातून बाहेर न्यावं लागलं आहे. पेठेचं प्रेम म्हणून याचं समर्थन करणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. घाबरलेल्या पंचानं दिलेली पेनल्टी पेठेला चषक देईल कदाचित, पण ती त्या अठरा वर्षांच्या विंगरला काही शिकवत नाही. उद्या तो पुण्या-मुंबईत, गोव्यात किंवा कोलकात्यात खेळायला गेला तर त्याच्या बाजूनं ओरडणारं तिथं कुणी नसेल, आणि शिट्टी वाजेल तशी त्याला सोसावी लागेल.

तेव्हा कोल्हापूरकरांनो, ढोल आणा, घसा बसेपर्यंत ओरडा, पण आपल्या पोरांसाठी ओरडा. पोरगं मोकळ्या जोडीदाराला पास देतं तेव्हा चकवण्याला देता तितकीच जोरात दाद द्या, म्हणजे ते पुन्हा पास देईल. आणि लाइन्समनच्या पाठीवर बाटली फेकणारा आपल्याच पेठेतला असला, तरी त्याचा हात तिथल्या तिथं धरा. बंदोबस्तावरच्या पोलिसाला तिथं पोचायला वेळ लागतो, तुम्ही बाटली फेकणाऱ्याच्या शेजारीच बसलेले असता.