चाखणारा रसिक, गाळणारा गुन्हेगार?

पुण्या-मुंबईत आता क्राफ्ट बिअर ‘चाखण्याचे’ कार्यक्रम होतात. छोट्या पेल्यांत चार-पाच नमुने मांडतात. रंग पाहा, वास घ्या, घोट घोळवा, मत द्या. 2009 साली पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाली आणि हे वेड महाराष्ट्रात रुजले. बेल्जियमची लँबिक बिअर हवेतल्या यीस्टवर आंबते, याचे तिथे केवढे कौतुक! आमच्या पालघर-डहाणूच्या किनाऱ्यावरची ताडीही तशीच आंबते. पहाटे उतरवलेला गोड रस काही तासांत चढतो. मात्र ती पिणारा आदिवासी ‘व्यसनी’ आणि बिअर चाखणारा ‘रसिक’! हा निवाडा कुणी केला?

तो इंग्रजांनी सुरू केला. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडीच्या झाडावर कर आणि परवाना लादला. 1892 च्या मोहा कायद्याने ठाणे-कुलाब्यात मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध आणले. आजचा पालघर तेव्हा ठाण्यातच होता. जे फूल आदिवासींच्या पोटाचा आधार होते, ते बाळगणे गुन्हा ठरले. मोहफुले गोळा करण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध महाराष्ट्राने सैल केले ते 2021 साली.

स्वातंत्र्यानंतर 1949 चा दारूबंदी कायदा आला. 1951 च्या बालसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा बहुतांश भाग वैध ठरवला. लष्करी मेसची आणि परदेशी नागरिकांच्या परवान्याची सवलतही टिकली. तोच कायदा आजही लागू आहे. ज्याच्या हाती परवाना, त्याचा पेला कायदेशीर. पाड्यावर मोहाची गाळणारी बाई मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात. तिच्या जामिनासाठी घरातली कोंबडी, बकरी विकली जाते.

मग दारूचे गोडवे गायचे काय? मुळीच नाही! बाबासाहेबांची भूमिका नीट समजून घ्या. 1951 च्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या जाहीरनाम्यात त्यांनी सरकारी दारूबंदी रद्द करण्याची मागणी केली. त्याच बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी आपल्याला दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. यात विसंगती नाही. पोलिसाच्या दंडुक्याने माणूस सुधारत नाही, शीलाने सुधारतो, हा त्याचा अर्थ.

बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराला हे सांगायला हवे. पगाराच्या संध्याकाळी गुत्त्यावर गेलेला पैसा पोराच्या फीचा असतो. पेला काचेचा असो की प्लास्टिकचा, रिकामा होतो तो संसारच. आपली पोरे नोकरीला लागून शहरात जातात, तिथे ‘क्राफ्ट’ या गोंडस नावाला भुलू नयेत. नाव बदलल्याने अल्कोहोल बदलत नाही.

आणि हक्कही वापरा. पालघर तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. 1996 च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दिला आहे. इतरत्र गावातल्या किंवा वॉर्डातल्या महिला मतदानाची मागणी करून, ‘आडवी बाटली’ला बहुमत मिळवून दुकान बंद पाडू शकतात. पाड्यावर काय चालावे, काय बंद व्हावे, हे ना अबकारी अधिकारी ठरवील, ना दारूचा ठेकेदार. ते तिथल्या बायाबापड्यांनी ठरवावे. लोकशाही म्हणतात ती हीच!