छंदाचा हिशेब, लेखांक ६ : ठेवावं कोणतं, विकावं कोणतं?

गेल्या आठवड्यात आपण ग्रेडिंग समजून घेतलं. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाई बरोबर मध्यावर आहे की नाही, यांवरून अमेरिकी खेळाडूंच्या कार्डांना १ ते १० गुण कसे मिळतात, ते पाहिलं. आज पुढची पायरी. खोकी उघडून टेबलावर मांडली, तर त्यातलं काय राखायचं आणि काय विकायचं? न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत कितीतरी मराठी घरांत हा प्रश्न सध्या उभा राहतो आहे. नव्वदच्या दशकात तिथे शाळेत जाणारी मुलं आज चाळिशीत आहेत. त्यांची बेसबॉल-बास्केटबॉलची कार्डं अजून आईवडिलांच्या बेसमेंटमध्ये आहेत आणि आईवडील मोठं घर विकून लहान जागेत जायला निघाले आहेत.

सुरुवात एका ताज्या उदाहरणाने करतो. पिट्सबर्ग पायरेट्सचा गोलंदाज, म्हणजे बेसबॉलच्या भाषेत पिचर, पॉल स्कीन्स याने २०२४ च्या मे महिन्यात पदार्पण केलं. त्या सामन्यात त्याच्या जर्सीवर असलेली पट्टी काढून टॉप्स कंपनीने ती एका कार्डात बसवली आणि त्यावर त्याची सही घेतली. जगात अशी प्रत एकच. ती कोणत्या पाकिटात गेली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पायरेट्सने जाहीर केलं की जो कुणी हे कार्ड आणून देईल त्याला इतर भेटींसोबत होम प्लेटच्या मागच्या दोन खुर्च्यांची ३० वर्षांची सीझन तिकिटं मिळतील. कार्ड निघालं लॉस एंजेलिसच्या एका ११ वर्षांच्या मुलाच्या हाती, नाताळच्या दिवशी. घरच्यांनी क्लबचा प्रस्ताव नाकारला आणि कार्ड लिलावात दिलं. मार्च २०२५ मध्ये ते ११ लाख १० हजार डॉलरला गेलं. घेणारी कंपनी डिक्स स्पोर्टिंग गुड्स. तिचं मुख्यालय पिट्सबर्गजवळच आहे.

त्या कुटुंबाने योग्य केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. पिट्सबर्गमध्ये जन्म काढलेल्या एखाद्या घराने तिकिटं घेतली असती तर तेही तितकंच योग्य ठरलं असतं. एका मोसमात घरच्या मैदानावर ८१ सामने; पण लॉस एंजेलिसहून ते बघायला कोण जाणार? कार्ड तेच, पण ज्याच्या हातात ते आहे त्याच्या आयुष्यात त्याला कुठे जागा आहे यावर उत्तर बदलतं. म्हणून ‘हे कार्ड ठेवण्यासारखं आहे का’ या प्रश्नाला नुसत्या कार्डाकडे बघून उत्तर देता येत नाही. बाजाराचा भाव एका कागदावर लिहावा, आपला जीव त्यात किती गुंतला आहे हे दुसऱ्यावर. एका कागदावरचं उत्तर दुसऱ्यावर उतरवलं की घोळ सुरू होतो. भाव वाढला म्हणून प्रेम वाटायला लागतं, आणि प्रेम आहे म्हणून भाव जास्त असणार असं वाटत राहतं.

आता बेसमेंटमधली खोकी. त्यातला मोठा भाग बहुधा १९८७ ते १९९४ या काळातला निघेल. या काळाला संग्राहक ‘जंक वॅक्स’ म्हणतात. टॉप्सची मक्तेदारी न्यायालयीन निकालाने मोडली आणि १९८१ मध्ये फ्लीअर व डॉनरस बाजारात उतरल्या. १९८९ मध्ये अपर डेक आली, होलोग्राम लावलेली चकचकीत कार्डं घेऊन. जुन्या कार्डांचे भाव चढताना पाहून लोकांनी नव्या कार्डांची अख्खी खोकी सीलबंद ठेवली, मुलांच्या कॉलेजच्या फीसाठी म्हणून. कंपन्यांनी मागणी पाहून अफाट छापलं. सगळ्यांनीच जपून ठेवल्यामुळे दुर्मीळ काहीच राहिलं नाही. आजही यातली बहुतेक कार्डं कवडीमोलाची आहेत. १९८९ च्या अपर डेकचं पहिलं कार्ड, केन ग्रिफी ज्युनिअरचं, आजही लोक मागतात; पण त्याचाही चांगला भाव मुख्यतः १० गुणांच्या प्रतीलाच येतो.

या गठ्ठ्यांबद्दल माझा सल्ला सोपा आहे: विकण्याच्या मागे लागू नका. हजारो कार्डं छाटायला लागणारे तास आणि हाती येणारे डॉलर यांचा मेळ बसत नाही. ओळखीची नावं बाजूला काढा, मन जडलेली चार कार्डं ठेवा, उरलेली शेजारच्या मुलांना किंवा शाळेला देऊन टाका. कागदाचा वास घेत, नावं वाचत, अदलाबदल करत मुलं त्यांच्याशी खेळतील. ती छापली होती त्याचसाठी.

खरा विचार करावा लागतो तो मधल्या थराचा. पंचवीस, पन्नास, शंभर डॉलरची कार्डं. खेळणाऱ्या तरुण खेळाडूंची, ८ किंवा ९ गुणांची, एकेकाळी हौसेने घेतलेली. यांच्यावर ना फार जीव असतो, ना त्यांतून मोठी रक्कम येते, आणि तरी संग्रहाचा बहुतांश पैसा इथेच अडकतो. मी हा थर विकायच्या बाजूचा आहे, आणि शक्य तितक्या लवकर. तरुण खेळाडूच्या कार्डाचा भाव त्याच्या गुडघ्यावर आणि खांद्यावर उभा असतो. झायन विल्यमसन २०१९ मध्ये एनबीएत आला तेव्हा त्याच्या रुकी कार्डांसाठी, म्हणजे पदार्पणाच्या वर्षातल्या कार्डांसाठी, झुंबड उडाली होती. मग दुखापतींनी त्याला पुन्हा पुन्हा बाहेर बसवलं आणि भाव कोसळले. निवृत्त होऊन हॉल ऑफ फेममध्ये गेलेल्या खेळाडूला ही जोखीम राहत नाही. मधल्या थरातली वीस कार्डं विकून एखादं जुनं, ठरलेल्या मानाचं कार्ड घेणं हा अनुभवी संग्राहकांचा नेहमीचा मार्ग आहे, आणि तो शहाणपणाचा आहे.

‘विकण्याआधी ग्रेडिंग करून घेऊ का?’ हा प्रश्न याच थरात येतो. कल्पनेतलं एक गणित मांडू. सुटं कार्ड ३० डॉलरला जातं. ९ गुण मिळाले तर ४०, १० मिळाले तर ९०. ग्रेडिंगचे २५, टपालाचे ५ आणि ऑनलाइन विक्रीची साधारण १३ टक्के वजावट धरा. १० मिळाले तर हातात सुमारे ४८ डॉलर येतात. ९ मिळाले तर पाचसुद्धा उरत नाहीत. सुटं विकलं असतं तर टपाल व वजावट जाऊन २१ आले असते. म्हणजे अशा दर दहा कार्डांपैकी किमान चारांना पूर्ण १० गुण मिळाले तरच हा खटाटोप परवडतो. भिंगाखाली कोपरा जरासा जरी मऊ दिसला, तरी सुटं विका. आणि भाव बघताना लोक काय मागताहेत ते पाहू नका, प्रत्यक्ष किती पैसे मोजले गेले ते पाहा. ईबेवर ‘सोल्ड’ची गाळणी त्यासाठीच आहे.

विकण्याच्या वेळेबद्दल बरंच बोललं जातं. १९८६-८७ च्या फ्लीअर संचातलं मायकल जॉर्डनचं ५७ क्रमांकाचं कार्ड घ्या. २०२० च्या एप्रिलमध्ये, सगळे घरात कोंडलेले असताना, ‘द लास्ट डान्स’ ही त्याच्यावरची मालिका आली. लोकांच्या हातात वेळ होता, अनेकांच्या हातात सरकारी मदतीचा पैसाही. जानेवारी २०२१ अखेर या कार्डाची १० गुणांची प्रत ७ लाख ३८ हजार डॉलरला गेली. पुढे त्याच दर्जाची प्रत दोन लाखांच्या आसपास आली. जॉर्डनची थोरवी त्या काळात तसूभरही कमी झाली नव्हती, आणि १० गुणांच्या तीनशेहून अधिक प्रती आहेत हेही आधीपासून सर्वांना माहीत होतं. शिखर कधी आलं हे नंतरच कळतं. पण आपल्या खेळाडूवर मालिका येते, त्याची हॉल ऑफ फेमसाठी निवड होते, त्याचा संघ अंतिम फेरीत पोचतो, तेव्हा गिऱ्हाईक आपणहून दारात येतं एवढं मात्र खरं. विकायचं आधीच ठरवून ठेवलं असेल तर तो आठवडा साधता येतो.

धरून ठेवण्याची बाजू मांडायची तर १९५२ च्या टॉप्सचं मिकी मँटल, क्रमांक ३११, सांगायलाच हवं. त्या संचाचा शेवटचा भाग उशिरा बाजारात आला आणि खपला नाही. टॉप्सच्या साय बर्गर यांनी स्वतः सांगितल्याप्रमाणे १९६० मध्ये उरलेली खोकी त्यांनी न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे अटलांटिकमध्ये बुडवली. वाचलेल्यांपैकी एक उत्कृष्ट प्रत एका संग्राहकाने १९९१ मध्ये ५० हजार डॉलरला घेतली, ३१ वर्षं सांभाळली, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ती १ कोटी २६ लाख डॉलरला विकली गेली. चक्रवाढीने वर्षाला १९ टक्क्यांहून जास्त. मात्र त्याने घेतलं ते घेतेवेळीच त्या खेळाडूचं सर्वांत मागणीचं कार्ड होतं, आणि दर्जात त्याची बरोबरी करणारं फार थोडं होतं. आपल्या खोक्यात असं एखादं असेल तर घाई नको. ते ठेवा, विमा काढा, आणि विकायचं झालं तर चांगल्या लिलावगृहातूनच विका.

तिसरीही एक वाट आहे आणि तिचा विचार फार कमी लोक करतात. सिरॅक्यूजच्या एका कारखान्यात काम करणारे जेफरसन बर्डिक संधिवाताने वाकलेले, एकटे राहणारे गृहस्थ होते. कार्डांचं पहिलं मोठं सूचिपत्र त्यांनी १९३९ मध्ये काढलं. लाखो डॉलरचं होनस वॅगनरचं कार्ड ज्या ‘टी २०६’ नावाने ओळखलं जातं, तो क्रमांकही बर्डिक यांच्याच वर्गीकरणातला. तीन लाखांहून अधिक छापील चिजांचा त्यांचा संग्रह होता. त्यात तीस हजारांवर बेसबॉल कार्डं. तो सगळा त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला दिला आणि दुखऱ्या बोटांनी, १९६३ मध्ये मरण येण्याच्या थोडं आधीपर्यंत, तिथे बसून एकेक कार्ड वहीत चिकटवलं. चिकटवलं! आजच्या बाजाराच्या लेखी त्या डिंकाने त्यांच्या संग्रहाचं मोल बुडालं. आज ते वाचणाऱ्या अभ्यासकाला मात्र एका शतकाची छपाई, जाहिरात आणि खेळ एका ठिकाणी क्रमाने सापडतात. तुमच्या संग्रहाला एखादं सूत्र असेल, एकाच गावाचा संघ, एकाच खेळाडूची सगळी वर्षं, तर तो फोडून विकण्याआधी तिथल्या ग्रंथालयाला किंवा संग्रहालयाला विचारून बघा.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी कराची एक बाब. वर्षभरापेक्षा जास्त काळ ठेवलेल्या कार्डाच्या नफ्यावर केंद्राचा कर जास्तीत जास्त २८ टक्के लागू शकतो, शेअर्सच्या दीर्घकालीन नफ्यापेक्षा जास्त. वारसाने मिळालेल्या कार्डाची मूळ किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरतात. जिवंतपणी भेट दिलेल्याची मात्र देणाऱ्याने मोजलेली किंमतच पुढे चालते. त्यामुळे जुन्या पावत्या फेकू नका आणि मोठी कार्डं मुलांच्या नावे करण्याआधी हिशेबनिसाशी बोला. राखलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या कार्डासोबत ते कुठून, कधी, कितीला घेतलं आणि का ठेवलं, याची दोन ओळींची चिठ्ठी ठेवा.

पुढच्या आठवड्यात विक्रीच्या जागांकडे वळू: लिलावगृह, कार्ड शोमधला डीलर आणि ऑनलाइन बाजार, आणि यांपैकी कोण किती कापून घेतो.