सहीचा मागोवा

सत्तेतल्या पक्षाने आपल्याच माणसाच्या कारभाराची झडती घ्यावी, असे प्रसंग महाराष्ट्रात मोजकेच. त्यांतल्या बऱ्याच प्रसंगांची कागदपत्रे सातारा-सांगलीच्या मंत्र्यांच्या टेबलावरून गेली. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस तासगावच्या सभेत अजित पवारांनी अशाच एका कागदाची आठवण काढली. सिंचन प्रकरणात आपल्या उघड चौकशीच्या फाइलवर गृहमंत्री आर. आर. (आबा) पाटलांनी सही केली, केसाने गळा कापला, ती सही पुढे देवेंद्र फडणवीसांनी आपल्याला दाखवली, अशी त्यांची तक्रार होती. आबांना जाऊन तेव्हा साडेनऊ वर्षे झाली होती आणि अजित पवारांच्या उमेदवाराविरोधात उभा होता आबांचा मुलगा रोहित. चौकशी ज्याची, फाइल त्यालाच दाखवली गेली असेल, तर तो प्रकार सहीहून गंभीर. पण त्या भाषणात अपराध ठरला तो सहीचा.

जुन्या काळात फार रेंगाळण्यासारखे काही नाही. सिमेंट प्रकरणात १९८२ साली मुख्यमंत्री अंतुले गेले आणि सातारा जिल्ह्यातले बाबासाहेब भोसले अनपेक्षितपणे मुख्यमंत्री झाले; १९८६ मध्ये मुलीच्या गुणवाढीच्या प्रकरणात मुख्यमंत्री निलंगेकर गेले. दोन्ही वेळा कान उपटले ते उच्च न्यायालयाने, पक्षाने नव्हे.

खरा काळ सुरू होतो डिसेंबर २००३ मध्ये. तेलगी प्रकरणाच्या सावटात छगन भुजबळांचे मंत्रिपद गेले आणि गृहखाते अंजनीच्या आबांकडे आले. २००५ मध्ये न्या. सावंत आयोगाच्या अहवालानंतर मंत्री सुरेश जैन आणि नवाब मलिक यांनी राजीनामे दिले. तो आयोगही अण्णा हजारेंच्या आंदोलनामुळे नेमला गेला होता. मुंबई हल्ल्यानंतर एका बेफिकीर हिंदी वाक्यापायी १ डिसेंबर २००८ रोजी खुद्द आबांना जावे लागले. खाते गेले इस्लामपूरच्या जयंत पाटलांकडे, म्हणजे सांगली जिल्ह्यातच राहिले. २००९ च्या निवडणुकीनंतर आबा पुन्हा त्याच खुर्चीत बसले. राजीनामा म्हणजे रजा, हा रिवाज त्यांनीही मोडला नाही.

नोव्हेंबर २०१० मध्ये ‘आदर्श’ सोसायटीच्या घोटाळ्याने मुख्यमंत्री अशोक चव्हाणांना घरी बसवले आणि त्यांच्या जागी कराडचे पृथ्वीराज चव्हाण दिल्लीहून आले. दहा वर्षांत सिंचनक्षेत्र जेमतेम ०.१ टक्का वाढल्याचे २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतून निघाले, मुख्य अभियंता विजय पांढरे यांचे पत्र गाजले, सत्तर हजार कोटींचा आकडा सर्वांच्या तोंडी बसला. अजित पवारांनी २५ सप्टेंबर २०१२ रोजी उपमुख्यमंत्रिपद सोडले. श्वेतपत्रिका निघाली, पण झडती ज्या खात्याची, पंचनामा लिहिला त्याच खात्याने. ७ डिसेंबरला अजित पवार परत उपमुख्यमंत्री. माधव चितळेंचे चौकशी पथक त्यानंतर नेमले गेले.

कराडच्या हातालाही मर्यादा होत्याच. ‘आदर्श’चा चौकशी अहवाल डिसेंबर २०१३ मध्ये मंत्रिमंडळाने फेटाळला, आठवड्याभरात राहुल गांधींनी जाहीर नापसंती दाखवली, तेव्हा कुठे तो अंशतः स्वीकारला गेला. त्याच वर्षी, फायलींवर सही करताना हाताला लकवा भरतो का, असा टोमणा शरद पवारांनी मारला होता आणि रोख कोणावर आहे हे सांगावे लागले नाही. कराडची सही होत नाही म्हणून टोमणा, अंजनीची झाली म्हणून राग: काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीच्या त्या कारभाराचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण.

सप्टेंबर २०१४ मध्ये सरकार गेले. डिसेंबरात नवे मुख्यमंत्री फडणवीसांनी उघड चौकशीला मंजुरी दिली. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने २०१८ मध्ये अजित पवारांवर जबाबदारी ठेवणारे शपथपत्र दिले आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्यांना निर्दोष ठरवणारे. त्याआधीच्याच नोव्हेंबरात, फडणवीस आणि अजित पवारांच्या पहाटेच्या शपथविधीनंतर दोनच दिवसांनी, सिंचनाच्या नऊ फायली बंद झाल्या. त्यांचा पवारांशी संबंध नसल्याचे विभागाने सांगितले. जून २०२३ च्या अखेरीस पंतप्रधानांनी भोपाळात राष्ट्रवादीच्या घोटाळ्यांचा हिशेब मांडला आणि २ जुलैला अजित पवार भाजपसोबत उपमुख्यमंत्री झाले. दुसऱ्या दिवशी शरद पवार कराडच्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी होते. अशोक चव्हाण फेब्रुवारी २०२४ मध्ये भाजपमध्ये गेले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेचा निकाल लागला. तासगाव-कवठेमहांकाळमधून रोहित पाटील निवडून आले. कराड दक्षिणेत पृथ्वीराज चव्हाण भाजपच्या अतुल भोसलेंकडून हरले.