राजाची प्रार्थना, प्रजेचे अभय

राजा प्रार्थनेला बसला तरी त्याची सत्ता उभीच असते. ६ मे २०२३ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला, तो चर्चमधील उपासनेचाच भाग म्हणून. इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख राजाच असल्याने अशा प्रसंगीची त्याची उपस्थिती हा राज्यव्यवहार ठरतो. त्या उपासनेत बायबलचा उतारा वाचला तो हिंदू पंतप्रधान ऋषी सुनक यांनी. भारताचे तत्कालीन उपराष्ट्रपती जगदीप धनखड हेही तेथे उपस्थित होते.

प्रार्थना आणि सत्ता यांचे नाते जबलपूरला चांगलेच परिचित आहे. नागपूरकर भोसल्यांच्या हातून १८१७ मध्ये हे शहर कंपनीकडे गेले. मागोमाग छावणी आली आणि गोऱ्या अंमलदारांसाठी ख्राइस्ट चर्च उभे राहिले. १८५७ मध्ये गोंड राजा शंकरशाह आणि पुत्र रघुनाथशाह यांच्यावर खटला भरण्यात आला. त्यात पुरावा म्हणून पुढे आली ती शत्रूच्या संहारासाठी देवीला केलेली पद्यमय विनवणी! १८ सप्टेंबरला पितापुत्रांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. लंडनच्या राणीसाठी केलेली प्रार्थना राजनिष्ठा ठरे, गढामंडल्याच्या राजाची मात्र राजद्रोह ठरली.

प्रजासत्ताकाला हा भेद पुसायचा होता. पण शासनकर्त्याने देवदारी जावे की नाही, हा वाद उरलाच. ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद सोमनाथच्या प्रतिष्ठापनेस गेले, ते पंडित नेहरूंचा विरोध असताना. निमंत्रण आल्यास आपण मशिदीत वा चर्चमध्येही जाऊ, अशी राजेंद्रबाबूंची भूमिका होती. पंतप्रधान नरेंद्र मोदी २०२३ च्या ईस्टरला दिल्लीच्या सेक्रेड हार्ट कॅथेड्रलमध्ये गेले. २०२५ च्या नाताळची सकाळची प्रार्थना त्यांनी कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शनमध्ये ऐकली. एके काळी व्हाइसरॉय ज्या चर्चमध्ये उपासनेस येत, तेच हे चर्च.

त्याच २०२५ सालच्या ३१ मार्चला जबलपुरात वेगळे चित्र दिसले. मंडल्याहून ज्युबिली वर्षाच्या यात्रेसाठी आलेल्या कॅथलिक आदिवासींची बस धर्मांतराच्या संशयावरून अडवून रांझी पोलीस ठाण्यात नेण्यात आली. त्यांच्या मदतीस धावलेल्या धर्मगुरूंना तेथेच मारहाण झाली. केरळच्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत उपस्थित केला.

सत्ताधाऱ्याने अल्पसंख्याकांच्या प्रार्थनेत बसणे हा अभयाचा संकेत असतो आणि त्याचे मोल कमी नाही. मात्र संकेताला अंमलबजावणीची जोड लागते, आणि ती जिल्ह्यातील फौजदार व तहसीलदारच देऊ शकतात. राजधानीतील चर्चच्या पहिल्या बाकावर दिलेला शब्द रांझीच्या ठाण्यापर्यंत पोचतो का, याकडे मंडल्याच्या यात्रेकरूचे लक्ष आहे. गढामंडल्याच्या शेवटच्या राजाला आपल्या प्रार्थनेची किंमत प्राणांनी मोजावी लागली; त्याच मुलखातील आदिवासीला आज राज्यघटनेचे २५ वे कलम उपासनेचे स्वातंत्र्य देते. ते पाळले जाते की नाही, हे ठाण्याच्या दारातच ठरेल.