व्यापारी पत्रातील शुद्धलेखन

व्यापारी पत्राचे काम थोडक्यात सांगायचे तर एवढेच, की आपल्याला काय हवे ते कळवावे आणि मागे वाद उरणार नाही अशा रीतीने कळवावे. पूर्वी टपालाने जाणारे पत्र आज ई-मेलने क्षणार्धात पोहोचते. परंतु लिहिणारा आणि वाचणारा समोरासमोर नसतात, ही स्थिती काही बदललेली नाही. बोलण्यातली चूक तिथल्या तिथे सावरता येते. पत्रातली चूक सावरायला तेथे कोणी नसते. म्हणून अशा पत्रातील शुद्धलेखन हा पंडितांचा सोस नव्हे. तो हिशेबाचाच एक भाग होय.

उदाहरणार्थ, एखाद्या पतसंस्थेने आपल्या शाखेस कळविले, ‘सभासदाचे पैसे परत करावेत.’ लिहायचे होते ‘सभासदांचे’. टिंब तेवढे राहून गेले. शाखेने एकाचेच पैसे परत केले, तर दोष कोणाला द्यावा? १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम शासनाने मान्य केले. १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. ह्या नियमांनी उच्चारात नसलेले जुने अनुस्वार रजा देऊन घालविले. पण अनेकवचनी सामान्यरूपावरचा अनुस्वार कायम ठेवला. आदरार्थी बहुवचनालाही तो लागतो. जे टिंब अर्थ वाहते, ते टिकले.

आता कोणी म्हणेल, चुका दाखविण्याचे काम संगणक करतोच की! करतो, परंतु तो सहसा शब्द ओळखतो, लिहिणाराच्या मनातला हेतू त्याला कळतोच असे नाही. ‘सभासदाचे’ हाही शुद्धच शब्द आहे. पत्राच्या माथ्यावर ‘प्रति’ ऱ्हस्व. सोबत जोडलेल्या दोन ‘प्रती’ मात्र दीर्घ. व्याख्यानाचे निमंत्रण आचार्यांना द्यायचे आणि जेवणाचे कंत्राट आचाऱ्यांना. दोन्ही रूपे शुद्ध असली, की निवड माणसालाच करावी लागते.

इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर येथील मराठी मंडळींना आणखी एक सावधगिरी हवी. लिपी एकच असल्यामुळे हिंदीची वळणे नकळत लेखणीत उतरतात. हिंदीत ‘कि’ आणि ‘शक्ति’ बरोबर. मराठीत ‘की’ आणि ‘शक्ती’ असेच लिहावयाचे. तसेच ‘गूळ’ दीर्घ, पण ‘गुळाचा’ ऱ्हस्व. उलट ‘मूल्य’ हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द असल्यामुळे ‘मूल्याचा’ लिहितानाही त्याचा ऊकार दीर्घच राहतो.

यावर उपाय सोपा आहे. पत्र लिहून झाले, की ते लगेच धाडू नये. पहिल्या वाचनात नावे, तारखा आणि रकमा पाहाव्यात. दुसऱ्या वाचनात प्रत्येक नामापाशी थांबून विचारावे, ‘एक की अनेक?’ तिसऱ्यांदा पत्र मोठ्याने वाचावे. डोळ्यांतून निसटलेली अडखळ पुष्कळदा जिभेला सापडते. ह्या कामी चार-पाच मिनिटे जातील. पण चुकीची भीती वाटून मराठी व्यापारी आपल्याच माणसाला परक्या भाषेत पत्र लिहू लागला, तर त्यात जाते ते चार-पाच मिनिटांहून पुष्कळ मोठे आहे. चुका दुरुस्त होतात. सुटलेली सवय परत लावणे फार कठीण असते.